एअर लिहिलेलं बटण

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. मृदुलालासुद्धा नाही. मृदुला म्हणजे माझी बायको, जिला माझ्या दाढदुखीपासून व्हिसाच्या कटकटींपर्यंत सगळं तोंडपाठ आहे. सात वर्षं झाली. तुम्हाला सांगतोय, कारण — जाऊ दे, कारण नकोच. कारणं द्यायला मी फार पटाईत आहे.

आधी मी कसला माणूस आहे ते ऐका. पुण्याचा. जन्मात मासा खाल्लेला नाही, आणि त्याचा अभिमान इतका की जणू काही कर्तृत्वच गाजवलंय. मेलबर्नला पीएचडीला आलो, क्लेटन नावाच्या उपनगरात तिघांबरोबर घर घेऊन राहिलो, आणि विषय काय निवडला, तर ट्राउट पाळणारे शेतकरी आपल्या माशांच्या सुखदुःखाकडे कसं बघतात. ट्राउट हा थंड, वाहत्या, गोड्या पाण्यातला मासा. इथे डोंगरात नदीचं पाणी वळवून तळ्यांत वाढवतात. मी जाऊन त्या लोकांच्या मुलाखती घ्यायच्या, रेकॉर्ड करायच्या, शब्दन्‌शब्द उतरवून काढायचा. आणि मग ते जे बोलले त्याचा खरा अर्थ काय, हे क्लेटनमध्ये बसून मी ठरवायचं. याला आम्ही संशोधन म्हणतो.

उत्तर मला आधीच माहीत होतं. जो मासे मारून विकतो त्याला माशाच्या जिवाचं काय पडलंय? सगळा दिखावा. हे मी मनात पक्कं करून मगच गाडीत बसायचो. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कोणी फिश फ्राय आणलं की मी तिथे उभा राहून माशालाही वेदना होतात यावर प्रवचन झोडायचो. लोक ताटं घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात जायचे. मला वाटायचं, सत्य पचत नाही यांना.

तर त्या शेतकऱ्यांपैकी एक ग्रॅहम. साठीचा, मेलबर्नपासून दोन तासांवर त्याचा फार्म. आयुष्यभर पंपांच्या आवाजात राहून डावा कान पूर्ण गेलेला आणि उजवा जेमतेम, त्यामुळे बोलणं ओरडून. मकरंद म्हणता येईना म्हणून त्याने पहिल्याच दिवशी माझा मॅक करून टाकला. आणि त्याच्याकडे अठरा वर्षं काम करणारी व्हॅल. एकसष्ट वर्षांची, किरकोळ बांध्याची, निळे गमबूट घालून दिवसभर तळ्यांच्या कडेने फिरणारी.

ग्रॅहम म्हणाला, वेल्फेअर हा शब्द त्याला आवडत नाही, तो ऑफिसातल्या लोकांचा शब्द. त्याच्या लेखी मासे एकतर हॅपी असतात नाहीतर ऑफ. दाणा टाकल्यावर सगळे तुटून पडले तर हॅपी. खालीच राहिले तर ऑफ, आणि मग ह्याला स्वतःचं जेवण जायचं नाही. तळ्यात मासे फार विरळ ठेवले तर एकमेकांचे पर कुरतडतात, थोडी गर्दी बरी, असं त्याचं मत. पाठवायच्या आधी दोन दिवस उपाशी ठेवायचे, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही आणि ते घुसमटत नाहीत. मारायचं तर एकेकाच्या डोक्यात एकच फटका. बर्फात टाकून हळूहळू मरू देणं त्याला पटायचं नाही. आणि गळाने पकडायचा, फोटो काढायचा, परत पाण्यात सोडायचा — असल्या हौशी लोकांचा तर त्याला मनस्वी संताप. मारायचं तर मारा, त्याच्याशी खेळता कसले, म्हणायचा.

मी मान डोलावत ऐकायचो आणि वहीच्या समासात लिहायचो, ‘सोयीचं तत्त्वज्ञान’. ‘गर्दीचं समर्थन’. व्हॅल म्हणाली की मासे तिचे गमबूट ओळखतात, दुसरं कोणी आलं तर कडेला येत नाहीत. ते मी ‘भाबडेपणा’ या सदरात टाकलं. दीडशहाणा म्हणतात तो मी.

व्हॅलने आणखीही एक सांगितलं होतं. तिची आई बासष्टाव्या वर्षी विसरायला लागली. आधी चष्मा, मग गॅस, मग घराचा रस्ता. शेवटची चार वर्षं ती व्हॅलला परकी बाई समजून थँक यू म्हणायची. व्हॅल म्हणाली होती की तिला जगात दुसऱ्या कशाचीच भीती वाटत नाही, फक्त याची. हे उतरवताना मी कंसात ‘विषयांतर’ असं लिहून तो भाग गाळला. म्हणजे बघा, मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

त्या फार्मवर अंड्यांसाठी राखलेल्या माद्या होत्या. चार-पाच वर्षांच्या, हातभर लांब. हिवाळ्यात त्यांची अंडी हाताने काढायची असतात, पोटावरून अलगद अंगठा फिरवत. ते काम फक्त व्हॅलचं. तिने त्या बोटभर होत्या तेव्हापासून वाढवल्या होत्या, त्यांना ती ‘माय गर्ल्स’ म्हणायची. एकीचा कल्ला फाटका होता, एक कायम उलट्या दिशेने पोहायची. अशी तिला प्रत्येकीची ओळख. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी तापलं की त्यांना शेडमधल्या टाकीत आणायचे. तिथे बोअरचं थंड पाणी थोडंथोडं सोडलेलं असायचं, आणि ब्लोअर लावून हवा. पाण्याची धार बारीक, म्हणून सगळी भिस्त त्या हवेवर.

आता बटणावर येतो. येतोय.

ग्रॅहमची पहिली मुलाखत माझी वाया गेली होती. शेडला लागूनच चहाची खोली, पत्र्याची, तिथे बसून रेकॉर्ड केली, आणि घरी येऊन ऐकतो तर त्याच्या आवाजावर सतत एक घुंऽऽ. तीन दिवस कानाला हेडफोन लावून बसलो, अर्ध्या ठिकाणी ‘अस्पष्ट’ लिहावं लागलं. गाईडने सुनावलं की हा डेटा नाही, हा कचरा आहे, परत जा. म्हणून फेब्रुवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, परत गेलो. चाळीसच्या वर गेलेला दिवस. ग्रॅहमला गेटवर कोणीतरी हाक मारली, तो मला चहाच्या खोलीत बसवून गेला. मी रेकॉर्डर लावला, हेडफोन घातला, आणि पुन्हा तेच घुंऽऽ.

भिंतीवर बटणांची पाटी होती. एका बटणाखाली चिकटपट्टीवर मार्करने लिहिलेलं — एअर. मी ते बंद केलं. विचारलं नाही, कोणाला हाक मारली नाही. मला तो एसी वाटला.

हे ‘मला एसी वाटला’ मी स्वतःला किती वर्षं सांगत आलोय! खरं आहे ते, पण अर्धंच. बटण दाबलं, घुंऽऽ थांबलं, आणि खिडकीतला एसी चालूच होता. त्याचं गार वारं माझ्या मानेवर येत होतं. म्हणजे बंद झालं ते एसी नव्हतं, दुसरंच काहीतरी होतं, हे मला तिथल्या तिथे कळलं. मी काय केलं? आवाजाची पातळी तपासली, छान आली, आणि बसलो. तासाभराचा प्रश्न आहे, जाताना लावू, म्हटलं.

ग्रॅहम आला, पण त्याला काय ऐकू येणार? बाहेर तळ्यांवरचे पंप धडधडत होतेच. सव्वा तास आम्ही बोललो. विषय काय, तर माशाला त्रास होतोय हे तुम्हाला कसं कळतं. भिंतीपलीकडे बारा पावलांवर त्या टाकीत माद्या वर येऊन तोंडं उघडत असणार, आणि मी त्याला विचारत होतो की तुमच्या मते घुसमट म्हणजे काय. ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. फार स्पष्ट आहे. त्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

मुलाखत संपल्यावर त्याने वरची तळी दाखवायला नेलं, तिथून थेट गाडीपर्यंत सोडलं, धुरी दिलेल्या ट्राउटचं पाकीट हातात कोंबलं. मी नको म्हणालो नाही. चाळीस मिनिटांवरच्या सर्व्होला, म्हणजे पेट्रोल पंपावर, थांबून ते पाकीट दोन बोटांत धरून कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि हात साबणाने धुतले. तेव्हा बटण आठवलं.

फोन खिशात होता. ग्रॅहमचा नंबर काढला. एक वाक्य बोलायचं होतं — चहाच्या खोलीतलं बटण चालू कर. बोललो नाही. एव्हाना कोणाच्यातरी लक्षात आलंच असेल, म्हटलं. आणि आलं नसेल तर आता सांगून काय उपयोग, उलट माझीच शोभा. बघितलंत, दोन्ही बाजूंनी मी सुटलो. कॉफी घेतली आणि निघालो. नंतर हिशेब घातला, त्या वेळी फोन केला असता तर काही वाचल्या असत्या की नाही? कदाचित. मी हा प्रश्न कोणा जाणकाराला कधी विचारला नाही, आणि मी रोज जाणकारांतच बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रॅहमचाच फोन आला. का, तर मीच त्याला सांगून ठेवलं होतं की फार्मवर काही वाईट घडलं तर प्रामाणिकपणे कळव, अभ्यासाला लागतं. त्याने शब्द पाळला. टाकीतल्या सगळ्या माद्या गेल्या, म्हणाला. अलार्म होता, पण तो वीज गेली तर वाजणारा, कोणी बटणच बंद केलं तर नाही. व्हॅल दुपारी शेड धुते, चहाच्या खोलीची भिंत पुसते, तेव्हा तिचाच हात लागला असणार. ती नाही म्हणते, पण तिला नीट आठवत नाहीये. मग तो बराच वेळ काही बोललाच नाही.

आणि मी? मी त्याला विचारलं, ‘ग्रॅहम, हे रेकॉर्ड केलं तर चालेल?’ कारण एथिक्सच्या फॉर्मवर तशी अट होती. परवानगी घेतल्याशिवाय रेकॉर्ड करायचं नाही. अटी मी काटेकोर पाळतो.

माझ्या थीसिसचं चौथं प्रकरण या घटनेने सुरू होतं. ग्रॅहम म्हणाला होता, ‘वी लॉस्ट द गर्ल्स.’ त्यावर मी पान दीड पान लिहिलं, की जबाबदारी झटकण्यासाठी शेतकरी अशी जिव्हाळ्याची भाषा वापरतात. त्याच्या त्या गप्प बसण्याबद्दल लिहिलं, ‘भावनिक प्रतिसाद आढळला नाही.’ एका परिषदेत हे वाचलं, व्हॅलच्या गमबुटांचं वाक्यही वाचलं, सभागृहात सगळे मंद हसले. असे हसतात ना शिकलेले लोक, नाकातून! मीही हसलो. बक्षीस मिळालं, पुढे नोकरी मिळाली. आज मी मुलांना शिकवतो की मुलाखत देणाऱ्याचा आदर कसा राखावा.

तुम्हाला वाटेल, झालं, सांगून टाकलं याने. नाही हो. इथपर्यंतचं तर मी एखाद्या दिवशी, दोन ड्रिंक्स झाल्यावर, मृदुलाला सांगूही शकलो असतो. ती मालवणची, माशाच्या जिवाचं तिला एवढं काही वाटणार नाही. गाढव आहेस म्हणाली असती आणि विषय बदलला असता. जे सांगायचं आहे ते पुढचं आहे.

मे महिन्यात मला परत जावं लागलं. आमच्यात पद्धत असते, ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांना निष्कर्षांचा गोषवारा दाखवून यायचा. मी दोन पानांचा, गुळमुळीत, कोणालाच लागणार नाही असा गोषवारा घेऊन गेलो. चहाच्या त्याच खोलीत ग्रॅहम होता आणि व्हॅल होती. व्हॅल आता कामाला येत नव्हती. तिने स्वतःच सोडलं होतं, ग्रॅहमने दहादा समजावूनही. मला भेटायला म्हणून मुद्दाम गाडी चालवत आली होती. हातात एक छोटी वही. काय केलं, काय केलं नाही, ते लिहून ठेवायची, म्हणाली. गॅस बंद केला. दार लावलं. कुत्र्याला खायला घातलं. डॉक्टरांनी दोनदा तपासलं होतं आणि काही सापडलं नव्हतं; सुरुवातीला आईचंही काही सापडलं नव्हतं, असं तिचं म्हणणं.

ग्रॅहम म्हणत होता की अगं, कोणाचाही हात लागू शकतो, माझा लागला असेल. ती ऐकून घेत होती आणि माझ्याकडे बघत होती. मग ती म्हणाली, “मॅक, त्या दिवशी तू इथेच बसला होतास. मी त्या बटणापाशी गेलेली तू पाहिलंस का? मला खरं सांग, मेट. मला फक्त कळायला हवंय.”

बघा, किती सोपं होतं. ‘नाही, मी बंद केलं,’ एवढे चार शब्द. तेही जमत नव्हतं तर ‘नाही, तू आली नव्हतीस’ म्हणायचं, तेवढ्याच शब्दांत बाई सुटली असती. पण ती आली नव्हती तर कोण होतं तिथे? मीच. ग्रॅहमच्या डोक्यात ते आलं असतं. तोवर आलं नव्हतं, कारण माशांना काय वाटतं हे विचारायला एवढ्या लांबून आलेला माणूस असं काही करेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. मला ते त्याच्या चेहऱ्यावर उमटलेलं बघायचं नव्हतं. तेवढ्यासाठी.

मी म्हणालो, “हो. पाहिलं, बहुतेक. ग्रॅहम गेटवर गेला होता तेव्हा. तू भिंत पुसत होतीस.”

हे ते. भिंत पुसत होतीस हे मी पदरचं घातलं. कोणी मागितलं नव्हतं. खोटं खरं वाटावं म्हणून तपशील घालायचा असतो, एवढं संशोधनाने मला शिकवलं होतं.

ग्रॅहमने मान खाली घातली. व्हॅल रडली वगैरे नाही. तिने वहीत काहीतरी लिहिलं. काय ते मला दिसलं नाही. मग माझा हात धरला आणि म्हणाली, “थँक्स, मेट. बाकी सगळे मला बरं वाटावं म्हणून बोलतात.” मग तिने मला बिस्किटं दिली, आणि मी ती खाल्ली. दोन खाल्ली. माझा गोषवारा दोघांनीही वाचला आणि छान लिहिलाय म्हणाले.

निघताना ती गाडीत बसायला गेली आणि थांबली. मग किल्ली ग्रॅहमकडे दिली आणि सोडायला सांगितलं. त्या दिवसापासून तिने गाडी चालवलेली नाही. मला हे ग्रॅहमच्या ईमेलमुळे कळतं, तो दर ख्रिसमसला लिहितो, न चुकता. पहिल्या वर्षी तिने कुत्रा बहिणीला दिला, आपण त्याला उपाशी मारू म्हणून. दुसऱ्या वर्षी स्वतःच बहिणीकडे राहायला गेली. तिथे ती गॅसला हात लावत नाही, इस्त्रीला लावत नाही, लाइटचं बटणसुद्धा बहिणीला विचारून दाबते. डॉक्टर अजूनही म्हणतात की हिला काही झालेलं नाही. सात वर्षांत ती काहीही विसरलेली नाही, नातवंडांचे वाढदिवससुद्धा नाही, असं ग्रॅहम लिहितो. त्याला याचं नवल वाटतं. मला वाटत नाही. व्हॅलला कधी काही झालंच नव्हतं, हे जगात मला एकट्याला माहीत आहे.

या वर्षीच्या मेलला मी उत्तर पाठवलं. नेहमीसारखंच, तीन ओळींचं, व्हॅलला माझा नमस्कार सांग वगैरे. आणि मग हे लिहायला बसलो. इंग्रजीत लिहिता आलं असतं. गेली अकरा वर्षं मी जे काही लिहितो ते इंग्रजीतच लिहितो. हे मात्र मराठीत लिहिलं. व्हॅलला मराठीचं एक अक्षर वाचता येत नाही.